बैठक पक्की तर फेक लांब

२८ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे पॅरालिम्पिक स्पर्धांचे उद्घाटन झाले. त्या दिवशी भारताचा तिरंगा दोघांच्या हाती होता. एक हरियाणाचे भालाफेकपटू सुमित अंतिल आणि दुसऱ्या आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील भाग्यश्री जाधव. वाशीमहून हिंगोली ओलांडले की नांदेड, म्हणजे त्या आपल्याच भागातल्या म्हणायला हरकत नाही. भाग्यश्री जाधव गोळाफेक करतात, पण उभ्याने नव्हे, बसून. टोकियोची स्पर्धा कोरोनामुळे २०२१ साली झाली. तेथे त्यांनी ७ मीटर गोळा फेकून सातवा क्रमांक मिळवला. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्यांना रौप्यपदक मिळाले आणि पॅरिसला ७.२८ मीटरची फेक करून त्या पाचव्या आल्या.

अशी बातमी वाचली की आपण 'काय ही जिद्द!' असे म्हणतो आणि पान उलटतो. जिद्द असतेच, त्याबद्दल वाद नाही. पण बसून फेक करणाऱ्या खेळाडूचे छायाचित्र पाहताना माझे लक्ष हाताआधी त्याच्या खालच्या खुर्चीकडे जाते. ती नेहमीची चाकांची खुर्ची नसते. ती लोखंडी चौकट असते, जमिनीला आवळून बांधलेली आणि त्या एकाच माणसाच्या मापाने बनवलेली. तिचे माप चुकले तर दंडात कितीही बळ असो, गोळा जवळच पडतो आणि कधी कधी खेळाडूला इजाही होते. आजच्या लेखात ही खुर्ची समजून घेऊ.

हा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे काही जण विचारतील. माझ्या दवाखान्यात चाकाच्या खुर्चीवरचा मुलगा येतो तेव्हा आईवडील दाखल्याचे विचारतात, निराधार योजनेच्या पगाराचे विचारतात, पाठीवरच्या जखमेचे विचारतात. 'याला कोणता खेळ खेळता येईल?' हा प्रश्न क्वचितच येतो. झाडावरून किंवा विहिरीत पडून पाठीचा मणका मोडलेले, थ्रेशरमध्ये पाय गेलेले, मोटारसायकलच्या अपघातात कंबरेखाली लुळे पडलेले, जन्मतः मेंदूला इजा झालेले असे तरुण आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. वर्षानुवर्षे बाजेवर पडून राहिल्याने त्यांची छाती आणि दंड दुबळे होतात, लघवीचे विकार जडतात, वजन वाढते आणि मन खचते. त्यांच्यासाठी खेळ हे औषधच आहे.

उपचारातून निघालेला खेळ

हा खेळ रुग्णालयातच जन्मला. दुसऱ्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांवर इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन उपचार करीत. त्या काळी असे रुग्ण फार दिवस जगत नाहीत असाच समज होता. डॉ. गुटमन यांनी त्यांना अंथरुणातून उठवून खेळायला लावले. २९ जुलै १९४८ रोजी त्यांनी १६ जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. पुढे त्यातूनच पॅरालिम्पिक उभे राहिले.

आपल्या महाराष्ट्राचाही त्यात जुना वाटा आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या. १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्यात भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्याच स्पर्धेत ते भालाफेकीतही उतरले होते. पुण्याजवळ खडकीला जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. तेथेही खेळ हा उपचाराचाच भाग मानला जातो.

गोळा पुढे, शरीर मागे

आता मूळ मुद्दा. उभा खेळाडू गोळा फेकतो तेव्हा जोर पायांपासून सुरू होतो. पाय जमीन रेटतात, तो जोर कंबरेत येतो, कंबर वळते, छाती वळते, मग खांदा, कोपर आणि शेवटी मनगट. एकाने दुसऱ्याच्या हाती द्यावे तसा हा जोर वर चढत जातो. बसलेल्या खेळाडूच्या साखळीतील पहिला दुवाच गळालेला असतो. मज्जारज्जूची इजा छातीच्या पातळीवर असेल तर कंबर आणि पोटाचे स्नायूही साथ देत नाहीत. राहतात फक्त खांदा आणि हात.

यात आणखी एक अडचण आहे. आपण शाळेत न्यूटनचा नियम शिकलो: क्रियेला तेवढीच उलट प्रतिक्रिया. हात गोळ्याला पुढे ढकलतो तेव्हा गोळा शरीराला मागे ढकलतो. उभा माणूस पाय रोवून ही ढकल जमिनीत जिरवतो. बसलेल्याला ती खुर्चीत जिरवावी लागते. खुर्ची डगमगली किंवा माणूस खुर्चीत सरकला, तर गोळ्याला मिळायचा जोर तेथेच वाया जातो.

शेतकरी वाचकांना हे लगेच पटेल. ज्वारीची राखण करताना माळ्यावर उभे राहून गोफण फिरवतात. माळ्याच्या बल्ल्या पक्क्या असतील तर दगड शेताच्या धुऱ्यापलीकडे जातो. माळा हलत असेल तर तोच माणूस, तीच गोफण, पण दगड अर्ध्यातच पडतो.

घरी करून पाहण्यासारखा एक सोपा प्रयोग सांगतो. पाठ असलेल्या पक्क्या खुर्चीवर बसा आणि दोन्ही पाय जमिनीपासून उचलून टेनिसचा चेंडू फेका. मग पाय जमिनीवर रोवून फेका. नंतर मोकळ्या हाताने शेजारचा खांब किंवा खिडकीचा गज घट्ट धरून फेका. तिन्ही वेळा चेंडू कोठे पडला ते पाहा. तिसऱ्या वेळी आपला धरलेला हात आपोआप गज ओढतो आणि छाती पुढे येते, हे जाणवेल. बसून फेकणाऱ्याच्या खुर्चीला उभा दांडा असतो तो यासाठीच. ज्याचे पाय नाहीत त्याचा तो दांडाच पाय होतो.

थोडे गणित

गोळा किती लांब जाईल हे तीन गोष्टींवर ठरते: सुटतानाचा वेग, सुटतानाची उंची आणि कोन. समजा, गोळा जमिनीपासून दीड मीटर उंचीवर हातातून सुटला आणि त्याचा वेग सेकंदाला ७ मीटर आहे. योग्य कोन साधला तर तो सुमारे ६ मीटर ३२ सेंटिमीटरवर पडेल.

आता बैठक १० सेंटिमीटरने उंच केली, वेग तोच ठेवला. फेक वाढेल जेमतेम ८ सेंटिमीटर. उलट, बैठक आहे तीच ठेवली, पण पक्के बसल्यामुळे वेग दहा टक्के वाढला, तर गोळा ७ मीटर ३९ सेंटिमीटरवर जाईल. म्हणजे वाढ १ मीटरहून जास्त! पुष्कळांना वाटते की खुर्ची जितकी उंच तितके बरे. तसे नाही. उंची वाढवताना जर डगमग वाढली, तर मिळालेले ८ सेंटिमीटर जाऊन वर तोटाच होतो.

कोनाबद्दलही एक गैरसमज आहे. पुस्तकात ४५ अंश शिकवतात, पण ते फेकण्याची आणि पडण्याची पातळी एकच असेल तेव्हा. येथे गोळा दीड मीटर वरून सुटतो, त्यामुळे वरील उदाहरणात योग्य कोन सुमारे ३८ अंश येतो. फार उंच फेकण्याच्या नादात पाठ मागे वाकते आणि तोल जातो, हे लक्षात ठेवावे.

प्रत्येकाची खुर्ची वेगळी

बसून फेकणाऱ्यांचे शरीराच्या स्थितीप्रमाणे वर्ग पाडलेले असतात. मेंदूच्या इजेमुळे स्नायू आखडलेल्या किंवा हालचालींवर ताबा नसलेल्यांसाठी एफ-३१ ते एफ-३४. मज्जारज्जूची इजा, पोलिओ, अवयव गमावणे इत्यादींसाठी एफ-५१ ते एफ-५७. आकडा लहान तितकी अडचण मोठी.

भाग्यश्री जाधव एफ-३४ वर्गात खेळतात. या वर्गात अडचण मुख्यतः पायांत असते, हात आणि धड बऱ्यापैकी काम देतात. अशा खेळाडूचे पाय जोर लावताना ताठ होतात आणि शरीर खुर्चीतून पुढे घसरू पाहते. म्हणून बैठकीची पुढची बाजू थोडी उंच, मागची थोडी खाली ठेवतात. मांड्या पोटाकडे किंचित दुमडलेल्या राहिल्या की पायांचा ताठरपणा कमी होतो आणि घसरणेही थांबते.

दीपा मलिक यांचे उदाहरण वेगळे. मणक्यातील गाठीमुळे त्यांचे छातीखालचे शरीर लुळे पडले. १२ सप्टेंबर २०१६ रोजी रिओ येथे त्यांनी एफ-५३ वर्गात ४.६१ मीटर गोळा फेकून रौप्यपदक घेतले. पॅरालिम्पिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. पोटाचे आणि पाठीचे स्नायू साथ देत नाहीत तेव्हा धड सावरण्याचे काम पट्ट्यांनी, पाठीच्या टेकूने आणि दांड्याने करायचे असते.

सर्वांत कठीण एफ-५१ हा वर्ग. यात मानेच्या मणक्याला इजा असल्याने बोटांतही पकड नसते. हे खेळाडू लाकडी मुद्गलासारखा दिसणारा ३९७ ग्रॅमचा 'क्लब' फेकतात आणि तो हाताला धरून राहावा म्हणून चिकट पदार्थ लावतात. पॅरिसमध्ये हरियाणाच्या धरमबीर यांनी या प्रकारात सुवर्णपदक जिंकले आणि प्रणव सूरमा यांनी रौप्य. बसून फेकणाऱ्यांची खुर्ची बांधायला वेळ लागतो, म्हणून एका खेळाडूच्या सर्व फेकी एकापाठोपाठ घेतात. धरमबीर यांच्या पहिल्या चार फेकी बाद ठरल्या आणि पाचवी गेली ३४.९२ मीटर! योगायोग असा की गोळा किंवा क्लब ज्या आखलेल्या पट्ट्यात पडावा लागतो, त्याचा कोनही ३४.९२ अंशांचाच असतो.

धरमबीर यांना इजा झाली ती गावच्या कालव्यात सूर मारताना, पाण्याच्या खोलीचा अंदाज चुकल्यामुळे. आपल्याकडे उन्हाळ्यात विहिरीत, तलावात, धरणाच्या पाण्यात मुले अशीच उड्या मारतात. पाण्याचा ठाव माहीत नसेल तर डोके खाली करून उडी कधीही मारू नये, हे पालकांनी मुलांना बजावून सांगावे.

मापे कशी घ्यावीत?

अशी खुर्ची परदेशातूनच आणली पाहिजे असे नाही. चौकोनी लोखंडी पाइप, प्लायवूडची फळी, घट्ट फोम, रेक्झीन आणि चांगला वेल्डिंगवाला एवढ्यावर सरावाची खुर्ची तयार होऊ शकते. मात्र पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

१) उंची : जमिनीपासून बैठकीपर्यंत, गादी धरून, ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. बैठकीची प्रत्येक बाजू किमान ३० सेंटिमीटर असावी.

२) बैठकीची खोली : ढुंगणापासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंत मोजावे आणि खोबणीत दोन बोटे जागा सुटेल एवढी फळी ठेवावी. फळीची कड खोबणीत रुतली तर रक्तप्रवाह अडतो. मांडी मात्र पूर्ण टेकलेली हवी. फेकताना बूड उचलले तर फेक बाद धरतात.

३) पाठीचा टेकू : धडावर ताबा नसलेल्यास खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकापर्यंत टेकू द्यावा. ज्याची पाठ सशक्त आहे त्याला कंबरेपुरता पुरे. टेकू गरजेपेक्षा उंच झाला तर धड वळत नाही.

४) पाय ठेवायची पाटी : पाय लोंबकळत ठेवू नयेत. पाटीची उंची पावलानुसार वरखाली करता यावी. पावलांना पट्टा असावा.

५) दांडा : सरळ आणि एकाच तुकड्याचा, गोल किंवा चौकोनी. त्याला वाक, सांधा किंवा स्प्रिंग चालत नाही. न फेकणारा हात पुढे केला असता कोपर थोडे वाकलेले राहील अशा अंतरावर तो बसवावा. सुरुवातीला नटबोल्टने बसवावा, म्हणजे जागा बदलून पाहता येते. जागा नक्की झाली की पक्का करावा.

६) पट्टे : एक ओटीपोटाच्या खाली, कंबरेच्या हाडांवरून आणि एक मांड्यांवरून. पट्ट्याखाली दोन बोटे सरकतील इतपतच आवळावेत. सुटा करणे एका झटक्यात जमले पाहिजे.

७) बांधणी : चारही कोपऱ्यांना कड्या लावून ट्रकवाले माल आवळायला वापरतात त्या पट्ट्यांनी खुर्ची जमिनीतील मजबूत खुंट्यांना बांधावी. दोन धडधाकट माणसांनी रेटून पाहावे. खुर्ची हलली तर त्या दिवशी फेक नाही, हा नियम करावा. चौकटीचा कोणताही भाग फेकीच्या रिंगणाबाहेर जाता कामा नये.

खुर्ची तयार झाल्यावर एक वही ठेवावी. दांडा एका जागी ठेवून दहा फेकी घ्याव्यात, अंतर लिहावे. मग दांडा चार बोटे पुढे किंवा मागे सरकवून दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तोंड समोर, बाजूला किंवा तिरपे ठेवून बसणे हेही असेच तपासता येते. दुसऱ्याची खुर्ची पाहून हुबेहूब नक्कल करू नये. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा आपण लावत नाही, तसेच हे आहे.

डॉक्टर म्हणून पाच सूचना

बेडसोर : ज्याला ढुंगणाला संवेदना नाही त्याला फळी टोचते हे कळतच नाही. सरावाच्या खुर्चीवर गादीशिवाय बसवू नये. दर पंधरा-वीस मिनिटांनी पट्टे सोडून, हातांवर भार देऊन किंवा कोणाच्या मदतीने बूड उचलावे. घरी आल्यावर आरशात किंवा घरच्यांकडून कातडी तपासून घ्यावी. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर तो पूर्ण जाईपर्यंत त्या जागेवर बसणे बंद. अशी जखम हाडापर्यंत गेली तर जिवावर बेतते.

हाडे : लुळ्या पायांची हाडे ठिसूळ होतात. खुर्चीवर बसवताना पाय पिरगळला तर हाड मोडूनही दुखत नाही. पाय अचानक सुजला, गरम लागला, तर मालिश न करता एक्स-रे काढावा.

रक्तदाब : मानेच्या किंवा छातीच्या वरच्या भागातील मणक्याची इजा असेल आणि एकाएकी डोके ठणकू लागले, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर रक्तदाब धोक्याच्या पातळीवर गेलेला असू शकतो. मूत्राशय तुंबणे किंवा पट्टा काचणे एवढ्यानेही हे होते. रुग्णाला आडवे करू नये, बसतेच ठेवावे. पट्टे आणि कपडे सैल करावेत, लघवीची नळी दुमडली आहे का पाहावे आणि ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

ऊन : अशा रुग्णांना इजेच्या खालच्या भागात घाम येत नाही, त्यामुळे शरीर लवकर तापते. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत सराव सकाळी लवकरच उरकावा. सावली, पाणी आणि ओला पंचा जवळ ठेवावा.

खांदा : चाकाची खुर्ची वापरणाऱ्याचे खांदेच त्याचे पाय असतात. फेकीपूर्वी दहा मिनिटे हात मोकळे करावेत. फेकीने खांद्याचे पुढचे स्नायू बळावतात, म्हणून रबरी नळी मागे ओढण्याचा व्यायाम बरोबरीने हवा. दुखणे आठवड्याहून जास्त टिकले तर फेकणे थांबवून दाखवावे.

कागदपत्रे आणि वर्गवारी

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड काढून ठेवावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद आहे आणि खेळात सहभागाची सोय करणे ही शासनाची जबाबदारी म्हटली आहे. पण प्रमाणपत्रावरील टक्केवारी आणि खेळातील वर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खेळाचा वर्ग तज्ज्ञांचे मंडळ स्नायूंची ताकद, हालचाल आणि प्रत्यक्ष खेळ पाहून ठरवते. टोकियोला एका भारतीय थाळीफेकपटूचे कांस्यपदक वर्गवारीच्या तपासणीनंतर रद्द झाले होते. तेव्हा आपल्या आजाराचे सर्व जुने कागद, एमआरआय, शस्त्रक्रियेची टिपणे जपून ठेवावीत आणि अडचण आहे तेवढीच सांगावी.

पदक सर्वांना मिळणार नाही, मिळायला हवे असेही नाही. दररोज तासभर उन्हावाऱ्यात बसून हात चालवणाऱ्या तरुणाला भूक लागते, झोप लागते आणि स्वतःच्या हाताने खुर्चीवरून पलंगावर जाण्याइतकी ताकद येते. आई थकल्यावर त्याला कोणी उचलायचे, हा घरोघरचा प्रश्न आहे. दंडात आलेली ताकद त्याच कामी येते.

ज्यांच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी आहे त्यांनी सराव सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून कातडी, खांदे, मूत्राशय आणि रक्तदाब तपासून घ्यावा. मापांचा भाग कापून वेल्डिंगच्या दुकानात नेला तरी चालेल. पुढील आठवड्यात चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांच्या खांदेदुखीबद्दल आणि घरी करायच्या व्यायामांबद्दल पाहू.